दोरवाल्याचे चाक

त्या वर्षी विहिरींचे पाणी खाली गेले आणि गावातले सगळे दोर आखूड पडले. लोकांनी आधी जुन्या दोरांना गाठी मारून पाहिल्या. गाठ रहाटात अडकायची, घागर अधांतरी लोंबकळत राहायची आणि रांगेतल्या बायका ज्याचा दोर असेल त्याचा उद्धार करायच्या. शेवटी ज्याला त्याला नवा दोर हवा झाला. कुणाला साठ हात, कुणाला सत्तर, एकाने तर नव्वद हातांचा सांगितला. सगळे गाव हातावर हात ठेवून आभाळाकडे बघत होते, तेव्हा एकट्या दोरवाल्याला मान वर करायला फुरसत नव्हती.

फुरसत त्याच्या बायकोलाही नव्हती, पण तिचे कोण धरतो. दोर वळायला माणसे दोन लागतात. दोरवाला कमरेला घायपाताचा वाख गुंडाळायचा, त्याचे टोक चाकाच्या आकड्यात अडकवायचा आणि बोटांतून वाख सोडत उलट्या पावलांनी मागे मागे चालत जायचा. चाकाचा दांडा बायको फिरवायची. चाक थांबले की पीळ सुटतो आणि पीळ सुटला की तेवढी मेहनत मातीत जाते, म्हणून चाकावरच्या माणसाने थांबायचे नसते. त्यात तळे आटल्यामुळे वाख नीट भिजत नव्हता. राठ निघायचा, हाताला चरे पाडायचा, आणि हात चरचरले की दोरवाल्याचे डोके फिरायचे.

चाकाचा आस जुना, लाकडी. तो दिवसभर कुरकुरायचा. नवा माणूस त्या गल्लीत तासाभरात वैतागून गेला असता. समोरच्या बालवाडीतल्या ताईला मात्र तो आवाज हवासा वाटायचा.

ताई सकाळी बालवाडी चालवायची आणि दुपारी घरे फिरायची. ज्या घरांत पुरुषाचा हात उठतो अशी चार घरे तिच्याकडे नेमून दिलेली होती. दर दिवशी घरात जायचे, बाईला आणि मुलांना डोळ्यांनी बघायचे, बोलायचे आणि वहीत लिहायचे, असे ते काम. वहीत तीन रकाने होते: आई पाहिली का, मूल पाहिले का, काय दिसले. पंचेचाळिशी उलटलेली, गुडघ्यांनी कुरकुर सुरू केलेली, तरी ताई ते काम मनापासून करायची. तोंडाने फटकळ, पण मुले तिला सोडायची नाहीत.

हिवाळ्यात दोनदा दोरवाल्याचे चाक भरदुपारी बंद पडले होते. पहिल्यांदा ताई सहज डोकावली, तर बाई कोपऱ्यात फुटलेला ओठ फडक्याने दाबून बसलेली. दुसऱ्यांदा मनगट सुजून टम्म. दोन्ही वेळा ताईने दोरवाल्याला फैलावर घेतले, बाईला औषध लावले, वहीत लिहिले आणि "मी आहे ना" म्हणून घरी आली. तेव्हापासून तिने मनाशी पक्के केले की चाक बंद म्हणजे काहीतरी झाले आणि चाक चालू म्हणजे बाई पायांवर उभी आहे. आपण मोठी युक्ती शोधली असे तिला वाटत होते. चार लोकांना तिने ती कौतुकाने सांगितलीही.

दोरवाल्याच्या मुलीलाही सांगितली. मुलगी सात वर्षांची, अंगाने एवढीशी आणि पायांनी चपळ, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. उन्हाळ्यात शाळा बंद, तेव्हा ती बालवाडीत येऊन लहानग्यांची नाके पुसायची आणि मोठ्या बाईसारखी त्यांना दटावायची. एक दिवस तिच्या डोक्यातल्या उवा काढता काढता ताई म्हणाली, "तुमचं चाक वाजत असलं ना, की माझा जीव भांड्यात पडतो बघ."

"आणि थांबलं की?"

"थांबलं की मी आलेच पळत."

मुंगी मान खाली घालून बसून राहिली. पोरीला धीर आला असेल, असे ताईला वाटले.

मग वजनांचा आठवडा आला. दुष्काळ म्हणून तालुक्याच्या कार्यालयाला गावातल्या प्रत्येक मुलाचे वजन चार दिवसांत हवे होते. काटा एकच, मुले त्रेसष्ट, त्यांतली निम्मी झोळीत बसवली की किंचाळणारी. ताई पहाटेपासून संध्याकाळपर्यंत मुले टांगत होती आणि उतरवत होती. शनिवारी मुंगी आली नाही. ताईला तिची आठवण झाली, कारण मुले रांगेत उभी करायला ती फार कामाची. दुपारी घरे फिरायची वेळ झाली तेव्हा अजून अठरा मुले बाकी होती. ताईने कान दिला. चाक वाजत होते. नेहमीसारखे सलग नव्हते, तुटक होते. दोन फेरे, मग दम, मग परत दोन फेरे. आस फारच कोरडा पडला वाटतं, तेल घाला म्हणावं एकदा, असे ती स्वतःशीच म्हणाली. दिवेलागणीला वहीत लिहिले: आई पाहिली, कामावर आहे. मूल पाहिले. घर ठीक.

कानांनी पाहिले, असा रकाना वहीत नव्हता. रविवारीही तिने तेच लिहिले. सोमवारीही.

मंगळवारी सकाळी ती विहिरीवर रांगेत उभी होती. पुढे दोरवाल्याची म्हातारी आई दोन घागरी घेऊन, कंबर धरून. त्या घराचे पाणी सून भरायची. ताईने विचारले, "आजी, तुम्ही कशा आज? सूनबाई कुठं आहे?"

"चाकावर," म्हातारी म्हणाली आणि पुढे सरकली.

सत्तर हातांचा दोर अंगणात मावत नाही. दोरवाला वळता वळता अंगणातून बाहेर, विहिरीपाशी उलट्या पावलांनी येऊन पोचला होता. दोर मधोमध ढिला पडून जमिनीला टेकला. दोरवाला ओरडला, "कार्टे, सरळ फिरव. पीळ कुठं चाललाय बघ."

बायकोला त्याने आजवर नाही नाही ती नावे ठेवली होती, पण कार्टी कधी म्हटले नव्हते. ताईने घागर तिथेच ठेवली आणि दोराच्या कडेकडेने अंगणाकडे निघाली. आधी चालत, मग पळत.

चाकापाशी मुंगी उपड्या टोपलीवर उभी होती. दांडा वर जायचा तेव्हा तिच्या टाचा टोपलीवरून सुटायच्या, आणि खाली आणायचा तेव्हा ती सगळे अंग त्याच्यावर टाकायची. दोन फेरे झाले की छाती धपापायची. हातांना चिंध्या गुंडाळल्या होत्या आणि त्या ओल्या होऊन दांड्याला चिकटत होत्या. तिने ताईला पाहिले, पण दांडा सोडला नाही.

"ताई, तुम्ही जा," ती म्हणाली. "चाक चालू आहे."

"आई कुठं आहे गं?"

"चाक चालू आहे ना. मग कशाला आलात? तुम्ही येऊन गेलात की मग बाबा आईला..." दांडा वर गेला आणि बोलणे तुटले.

 पोरगी तीन दिवस तिलाच लांब ठेवत होती. ताईला कळवायला नव्हे, ताईने येऊ नये म्हणून हे चाक फिरत होते. आयुष्यात तिला पुष्कळदा अपमान गिळावे लागले होते, पण सात वर्षांच्या मुलीसमोर इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

आत अंधारात वाखाच्या ढिगावर बाई पडली होती. काखेपासून कमरेपर्यंत एक बाजू काळीनिळी, कडेने पिवळी पडत चाललेली. श्वास तुकड्यातुकड्याने येत होता. ताईने तोंडाशी पाणी धरले तर तिला मान उचलवेना.

"वाखाची मोळी पडली अंगावर," मागून दोरवाला म्हणाला. तो दारात उभा राहिल्यामुळे होता तो उजेडही गेला. "आज सकाळी."

"आज सकाळी?"

"तर. कालपर्यंत चाकावर होती की. सगळ्या गल्लीनं ऐकलंय." तो शांतपणे कमरेचा वाख सोडत होता. "तुम्हीही ऐकलंच असेल, ताई."

पाण्याचा टँकर गावात आलेला होता. टँकरवाला भला माणूस, त्याने काही न विचारता बाईला बसायच्या जागेवर आडवे घेतले. ताईने मुंगीकडे हात केला, तेवढ्यात दोरवाल्याने पोरीला टोपलीवरून उचलून खाली ठेवले. "हिला कुठं नेता? हिला काय धाड भरलीय? ती राहील आजीजवळ." ताईला पोरीला न्यायचा अधिकार नव्हता, आणि हे दोरवाल्याला तिच्याइतकेच ठाऊक होते. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतच्या दोन तासांच्या वाटेत प्रत्येक खड्ड्याला बाई कण्हायची. ताई तिचे डोके मांडीवर धरून बसली होती आणि एकदाही "मी आहे ना" म्हणाली नाही.

चार फासळ्या मोडल्या होत्या. छातीत पाणी साचले होते, ते डॉक्टरांनी सुई घालून काढले. संध्याकाळी बाईच्या ओठांतून शब्द फुटला. ताईने कान तिच्या तोंडाशी नेला.

"शुक्रवारी मारलं. दोर मध्येच तुटला म्हणून."

"हे साहेबांपुढं सांगशील?"

"सांगीन. या वेळी सांगीन. आधी मुंगीला आण." तिने दम घेतला. "ती त्या घरात असेपर्यंत मी मेले तरी बोलणार नाही. मी इथं बोलायचं आणि तिनं तिथं भोगायचं, असं नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई कार्यालयाच्या दारात बसून होती. मुलांना घरातून हलवायचा हुकूम ज्यांच्या हाती, त्या मॅडम आल्या. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी पाणी दिले, सगळे ऐकून घेतले आणि वही मागितली. पाने उलटत त्या शेवटच्या पानापर्यंत आल्या आणि त्यांचे बोट थांबले.

"शनिवार, आई पाहिली. रविवार, आई पाहिली. सोमवारीही. शुक्रवारी बरगड्या मोडलेली बाई तीन दिवस चाक फिरवत होती?"

"मी गेले नव्हते," ताई म्हणाली. "वजनं चालली होती. आवाज ऐकला आणि लिहिलं."

मॅडमनी मागची पाने पुन्हा चाळली. मग म्हणाल्या, "ओठ फुटला होता, मनगट सुजलं होतं, अशा आधीच्या वर्षांतल्या मिळून सतरा नोंदी आहेत. त्या तरी पाहून लिहिल्यात का?"

"त्या पाहून. देवाशपथ."

"मी मानेन हो. पण तो उद्या वकील उभा करेल. वही खरी धरली तर बाई सोमवारपर्यंत धडधाकट होती. खोटी धरली तर सतराच्या सतरा नोंदी केरात. तुम्हीच सांगा, कुठल्या कागदावर मुलगी उचलू?" त्यांनी वही मिटली. "डॉक्टर म्हणतात मार जुना असू शकेल. असू शकेल यावर हुकूम निघत नाही. मी येते तुमच्याबरोबर. डोळ्यांना दिसेल अशी एक गोष्ट मला दाखवा, मी तिथल्या तिथे सही करते. नाहीतर पुढची तारीख दोन आठवड्यांनी."

दोन आठवड्यांत त्या घरात मुंगीचे काय होईल, ते ताईला माहीत होते.

जीप अंगणात थांबली तेव्हा चाक बंद होते. बरोबरचा पोलीस शिपाई जीपमध्येच बसून राहिला. दोरवाल्याने पायांत वहाणा घातल्या, दोराच्या वेटोळ्यांवर फडके अंथरून मॅडमना बसवले. म्हातारीने पाणी आणले. मुंगीचे केस चापूनचोपून विंचरले होते, अंगात धुतलेला झगा होता, पाय घासून स्वच्छ केलेले. ती भिंतीला टेकून उभी होती. चिंध्या नव्हत्या. दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या.

"बाळ, आईला काय झालं?" मॅडमनी विचारले.

"मोळी पडली."

"कधी?"

मुंगीने बापाकडे पाहिले नाही. समोर पाहत म्हणाली, "काल सकाळी."

"त्याआधी चाक कोण फिरवायचं?"

"आई."

दोरवाला हळहळल्यासारखा म्हणाला, "तिचीच वाट बघतोय मॅडम. ती नाही तर माझं काम ठप्प. स्वतःचा हात कोण स्वतः तोडून घेईल?"

मॅडमनी मुंगीचे डोळे पाहिले, कान पाहिले, झगा वर करून पाठ पाहिली. पाठ कोरी होती. त्या उठल्या, आणि ताईकडे बघून त्यांनी मान हलवली. इथे काही नाही, असा त्याचा अर्थ होता.

"तिचे तळवे बघा," ताई म्हणाली.

"बाळ, हात दाखव बघू."

मुंगीने हात मागे घेतले. मॅडमनी दोनदा गोडीने मागितले. मुंगीची मान हलत राहिली. "खेळताना चटका बसलाय तिला," म्हातारी म्हणाली. "बिचारी घाबरली. राहू द्या." मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. परक्या मुलीच्या अंगाला जबरदस्तीने हात लावायचा नाही, असा त्यांच्या कामाचा नियम. ताईच्याही कामाचा तोच नियम होता, आणि गेली अकरा वर्षे तो तिने पाळला होता.

ताई मुंगीपुढे गुडघ्यांवर बसली. "मुंगे, दाखव. ही मॅडम आहे ना, ही तुला आईकडे नेईल."

मुंगी अगदी हळू बोलली. फक्त ताईला ऐकू जाईल इतके. "आई म्हणाली, कुणाला दाखवू नको. दाखवलं तर आईला परत मारतील. तुम्ही जा ना."

जीपवाल्याने गाडी सुरू केली. दोरवाला निरोप द्यायला उठला. ताईला वाखाच्या ढिगावरचा तो तुटका श्वास ऐकू आल्यासारखा वाटला. तिने मुंगीचे मनगट धरले, ओढून पुढे आणले आणि मूठ उघडायला लागली. पोरगी आधी झगडली. एवढीशी होती, पण तीन दिवस चाक फिरवलेले हात होते, सोडत नव्हते. ताईने पकड आवळली, आणखी आवळली, आणि एकेक बोट मागे वाकवले. तिसऱ्या बोटाला मुंगीने झगडणे सोडले. अंग एकदम सैल टाकले, डोळे भिंतीवर लावले आणि तोंडातून आवाज काढला नाही. या घरातली मुले मार खाताना अशी गप्प होतात हे ताईने स्वतःच्या अक्षरात त्या वहीत लिहून ठेवले होते. तिला ते कळले. कळूनही तिने चौथे बोट उघडले, आणि मग दुसरा हात.

तळव्यांना कातडे नव्हते. दांडा जिथे बसतो तिथे आडवा लाल पट्टा, मधे फुटलेले फोड, कडांना चिंधीचे धागे अडकून वाळलेले. ते एका सकाळचे काम नव्हते, हे आंधळ्यालाही कळले असते. मॅडमनी दोरवाल्याकडे पाहिले. दोरवाला म्हणाला, "पोरं आहेत, खेळतात," पण त्याचा आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता. मॅडमनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. म्हातारी चाकापाशी खाली बसली आणि कपाळ बडवू लागली. दोरवाला अंगणाच्या टोकापर्यंत चालत आला, पण जीपमध्ये शिपाई बसलेला पाहून तिथेच थांबला.

वाटेत मुंगी ताईच्या शेजारी बसली नाही. पुढे शिपायाच्या आणि चालकाच्या मधे अंग चोरून बसली.

"ताई," गाव मागे पडल्यावर मॅडम म्हणाल्या, "वही माझ्याकडे जमा करावी लागेल. पुढं काय ते वरून ठरेल. मी काही लपवू शकणार नाही."

"नका लपवू," ताई म्हणाली.

दवाखान्यात मुंगी आईला पाहून रडली नाही. खाटेजवळ गेली आणि आईच्या पायाला आपला पाय लावून उभी राहिली. बाईने डोळे मिटले. मग उघडून ताईकडे बघत म्हणाली, "बोलवा त्यांना. सांगते आता." मॅडम कागद घेऊन शेजारी बसल्या आणि बाईचे तुकड्यातुकड्याचे बोलणे सुरू झाले. शुक्रवारपासून नव्हे, लग्न झाल्यापासून. ताई दारात उभी राहून ऐकत होती. इतकी वर्षे जे ऐकायला ती त्या घरात खेटे घालत होती, ते ऐकताना तिला सुख वाटायला हवे होते.

नर्स ताट घेऊन आली. मुंगीला स्टुलावर बसवून तिने तळव्यांवरचे धागे भिजवून काढले, मलम लावले, पट्ट्या बांधल्या.  पट्टी मनगटापर्यंत आली तेव्हा नर्स थांबली. उजव्या मनगटावर चार बोटे उठली होती, ताजी, लालभडक, आणि आतल्या बाजूला अंगठा.

"हे आजचं दिसतंय," नर्स म्हणाली आणि तिने तक्ता जवळ ओढला. "कुणी धरलं गं इतकं जोरात?"

मुंगीने मान वर केली. दारातल्या ताईकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर ताईला चालला असता. घरातल्या मोठ्या माणसाला सांभाळून घ्यायचे असते तसे तिने पाहिले आणि म्हणाली, "कुणी नाही. मी पडले."

नर्स लिहायला लागली. खाटेवरचे बोलणे मधेच थांबले. बाईने मान वळवून आधी मुलीच्या मनगटाकडे आणि मग ताईकडे पाहिले.

"ती पडली नाही," ताई म्हणाली. "माझी बोटं आहेत ती. मी आवळलं. तसं लिहा."

नर्सने मॅडमकडे पाहिले, मॅडमनी कागदाकडे. ताईने पुन्हा सांगितले, या वेळी जरा मोठ्याने. मुंगी स्टुलावरून उतरली, खाटेला वळसा घालून आईच्या पलीकडच्या बाजूला गेली आणि ताईला दिसणार नाही अशी तिथे उभी राहिली.